धोंडमाळावरचं कोरं पान

१

गठ्ठ्यात नोंदवह्या तीनच असायला हव्या होत्या आणि तीनच निघाल्या. तरीही एक चोरीला गेली होती.

१९७३ सालच्या नवरात्रातली अष्टमी. बुलढाण्यातल्या एका भाड्याच्या खोलीत धोंडमाळच्या विमानपट्टीचं दप्तर होतं. पट्टी तिथून सात मैलांवर, उघड्या माळावर. विमान रोज येत नसे. महिन्यातून एखादं उतरायचं, कधी कपाशीवर औषध फवारणारं, कधी अधिकाऱ्यांना आणणारं. पट्टीच्या कडेला एक चौकी आणि चौकीत एक चौकीदार. त्यानं रोज सकाळी नोंदवहीत तारीख घालून चार ओळी लिहायच्या आणि खाली सही करायची. वर्षाला एक वही.

लक्ष्मीकांतराव हे कोर्टातून निवृत्त झालेले शिरस्तेदार. कागद नीट लावून देण्यासाठी त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. त्यांनी १९७० ची वही उघडली, १९७१ ची उघडली. तिसरी उघडली, तर ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कोरी. बांधणी तीच, लाल कापडाचा पुठ्ठाही तोच. १९७२ ची वही काढून कोणीतरी तिथं नवी वही सरकवली होती.

"अरे देवा!" कारकून वैजनाथ उभाच राहिला. "साहेब, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मलकापूरच्या पहिल्या एस.टी.नं हे कागद जायचे आहेत. तिथून रेल्वेनं दिल्लीला."

"ठाऊक आहे मला," लक्ष्मीकांतराव म्हणाले. कोरी वही त्यांनी नाकाजवळ नेली आणि सावकाश खाली ठेवली.

ते कागद कशासाठी जायचे होते, ते आधी समजून घ्यायला हवं. विमानं पळवून नेण्याचे प्रकार सुरू झाल्यापासून दिल्लीत एका कायद्याचा मसुदा तयार होत होता. विमानतळांची राखण करायची तर खर्च कोणी द्यायचा, हा त्यातला प्रश्न. मसुद्यात असं होतं की विमानात बसणाऱ्या प्रत्येकाच्या तिकिटावर थोडी फी लावावी, तिचा निधी करावा आणि त्यातून राखणीचा खर्च भागवावा. अकराव्या कलमात आणखी एक गोष्ट होती. राखण करताना मेलेल्या माणसाचं नाव यादीत घालावं आणि त्याच्या घरच्यांना त्या निधीतून दरमहा आधार द्यावा. मागच्या दोन वर्षांतले मृत्यूही धरावेत. पुरावा एकच, त्या वर्षाची मूळ नोंदवही.

धोंडमाळचा चौकीदार शेषराव १६ ऑक्टोबर १९७२ ला पट्टीवर मेला होता. उतरत्या विमानाच्या पंखाचा तडाखा बसून.

आणि चौकशी अहवालात लिहिलं होतं की तो त्या वेळी कामावर नव्हता.

२

अहवाल जेमतेम दीड पानाचा होता. बाहेरगावच्या एका इंजिनिअरनं एका दुपारीत उरकलेला. लक्ष्मीकांतरावांनी तो वैजनाथला मोठ्यानं वाचायला लावला.

"एक. त्या दिवशी नोंदवहीत नोंद नाही, सही नाही. दोन. चौकीदाराला दिलेली शिट्टी आणि लाल झेंडा त्याच्या अंगावर किंवा चौकीत सापडले नाहीत. तीन. त्याच्या डोक्याला पटका नव्हता, तो बाजूला पडलेला होता. यावरून तो पटका उशाला घेऊन झोपला असावा आणि विमानाच्या आवाजानं दचकून पट्टीवर आला असावा."

"वैमानिकाचा जबाब?"

"आहे. 'पट्टीवर जनावरं होती, ती मला वरून दिसली नाहीत. एक माणूस लांब पांढरं कापड हलवत धावताना दिसला. कोणी शेतकरी असावा असं वाटलं. लाल झेंडा नव्हता, म्हणून मी उतरलो.' इंजिनिअरसाहेब म्हणतात, तो कापडवाला गुराखी होता, पळून गेला."

लक्ष्मीकांतरावांनी अहवाल घडी करून बाजूला ठेवला. मग त्यांनी विचारलं, "कपाटाची किल्ली कोणाकडे?"

"माझ्याकडे. पण दिवसा कपाट उघडंच असते, खोटं काऊन बोलू? आठ दिवसांत तिघं जण येऊन गेले. शेषरावची बायको रुखमाबाई आली. काही बोलली नाही, तासभर बसून गेली. पंजाबराव आले, पट्टीलगतची जमीन ज्यांची आहे ते. गेल्या सालच्या वहीत त्यांच्या जनावरांची नावानिशी नोंद आहे, पाच वेळा. ती दिल्लीला जाईल काय, असं विचारत होते. आणि निवृत्ती. शेषरावचा धाकटा भाऊ, आता तोच चौकीदार आहे. तो तर दर महिन्याला येतो."

"कोऱ्या वह्या कोणाला देता?"

"चौकीदाराले. उरलेल्या इथं माझ्याजवळ."

"दिवा कोणता वापरता?"

वैजनाथनं वर बोट केलं. छताला बल्ब लोंबत होता.

लक्ष्मीकांतरावांनी १९७० ची वही पुन्हा हाती घेतली आणि पान न् पान उलटलं. शेषरावचं अक्षर चौथी शिकलेल्या माणसाचं, टपोरं आणि एका रेषेत. एकही दिवस सुटलेला नव्हता. फक्त ९ ऑक्टोबरचं पान कोरं होतं. १९७१ च्या वहीत २८ सप्टेंबरचं. ते पान उलटताना त्यातून काहीतरी पिवळट, वाळकं टेबलावर पडलं.

"कचरा आहे साहेब," म्हणत वैजनाथनं ते फुंकर मारून उडवलं. "बरं, या २८ सप्टेंबरची एक गंमत सांगू का? त्या दिवशीची एका वैमानिकाची चिठ्ठी आहे फाइलीत. 'पट्टीवर कुत्री होती. चौकीदारानं पांढरं कापड हलवून इशारा दिला, म्हणून घिरटी घालून उतरलो. झेंडा पुरवावा.' आता झेंडा तर दिलेला! आम्ही उत्तर धाडलं, झेंडा पुरवलेला आहे. हसलो होतो आम्ही खूप."

लक्ष्मीकांतराव मात्र हसले नाहीत. त्यांनी ती चिठ्ठी शोधून काढली आणि घडी करून खिशात ठेवली.

३

दुपारी ते धोंडमाळला गेले. रुखमाबाई अंगणात सुपानं ज्वारी पाखडत होती. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि बाज पुढे सरकवली.

"बसा. चहा ठेवतो."

"चहा राहू द्या बाई. गेल्या सालची वही चोरीला गेली."

सूप थांबलं. "मंग आता?"

"वही नसेल तर यादीत नाव नाही. आणि वही सापडली तरी त्या दिवसाचं पान कोरं आहे, मग तरीही नाव नाही. म्हणून मला कळत नाही, चोरणाऱ्याला मिळालं काय?"

"दिल्लीवाल्यायनं पैसा देवो का ना देवो," ती म्हणाली. "दोन एकर हाय, मी खपतो, भागते माहं. पण झोपले होते असं लिवलं ना त्यायनं, तेवढं खोडता येते का सांगा. गावातले पोरंबी म्हणतात, झोपल्या झोपल्या मेला. मळ्यात जातो तं पाठीमागून आयकू येते मले."

"खोडायचं तर मला खरं काय ते कळायला हवं. त्या दिवशी त्यांची शिट्टी कुठे होती?"

रुखमाबाईनं मान खाली घातली. सुपातला एकच दाणा ती बोटानं इकडून तिकडे सारत राहिली.

"घरून निघाले तेव्हा गळ्यात होती का?"

"मले नाई माहीत," ती म्हणाली. सूप तिथंच ठेवून ती घरात गेली आणि परत बाहेर आली नाही.

लक्ष्मीकांतराव बाजेवर थोडा वेळ बसून राहिले. बाईला माहीत होतं, याबद्दल त्यांना शंका नव्हती. मग नवऱ्याचं नाव वाचवणारी गोष्ट ती का सांगत नव्हती?

४

पंजाबराव गोठ्यापुढे उभे होते. साठीचे, मोठ्या शेतीचे धनी, आवाज चढा.

"माहीच जनावरं होती हो! अख्ख्या जिल्ह्याले ठाऊक हाय. गेल्या साली दुष्काळ होता, शिरस्तेदारसाहेब. साऱ्या माळावर गवताची काडी नव्हती, आन् तुमच्या पट्टीच्या कडेनं राखलेलं गवत उभं. उपाशी जनावर काय तार पाहून माघारी फिरते? वही म्या नाई चोरली. पाच वेळा नाव लिवलं तं लिवलं. दंड भरला म्या."

"मी चोरीचं विचारतच नाही. त्या दिवशी तिथं पहिलं कोण पोचलं?"

पंजाबरावांचा आवाज खाली आला. "मीच."

"पटका कुठे होता त्याचा?"

"पट्टीवर."

"चौकीजवळ?"

"चौकी कुठं, पट्टी कुठं! दोनशे पावलं असन. पट्टीच्या मधोमध होता. साराच्या सारा सुटलेला, लांबलचक पसरलेला." त्यांनी उजवी मूठ मिटून दाखवली. "एक टोक त्याच्या मुठीत होतं. म्याच सोडवलं, आन् त्याच्या तोंडावर पांघरलं. उघडं तोंड पाहवेना. पंचनाम्याच्या टायमाले तो काढून बाजूले टाकला."

"हे चौकशीत का नाही सांगितलं?"

"जनावरं माही. बोललो असतो तं पुढचे धा सवाल मलेच झाले असते." ते एका गाईच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. "खोटं नाई बोललो म्या. पण खरंबी नाई बोललो. शेषराव भला माणूस होता. माही दोन गोऱ्ही वाचवली त्यानं त्या दिवशी. सोता गेला."

उशाला घेतलेला पटका गुंडाळलेला असतो. पसरलेला, एक टोक मुठीत धरलेला पटका म्हणजे हलवलेलं कापड. लांब पांढरं कापड.

पळून गेलेला गुराखी कोणी नव्हताच. कापड हलवणारा माणूस शेषरावच होता.

पण मग शिट्टी कुठे होती? झेंडा कुठे होता? वर्षभरात एखादंच पान सोडणाऱ्या माणसानं नेमकी त्याच दिवशी सही का केली नाही?

५

नवमीची सकाळ. लक्ष्मीकांतराव आंघोळ करून आले, तर टेबलावर त्यांचा टाक नव्हता.

"अहो, शोधताय काय?" त्यांच्या पत्नी प्रेमलाबाई देवघरातून म्हणाल्या. "टाक, दौत, तुमची ती जाडी पुस्तकं, सगळं पूजेत मांडलंय. विळी आणि अडकित्तासुद्धा. आज खंडेनवमी ना? उद्या उत्तरपूजा होईपर्यंत हात लावायचा नाही."

"प्रेमला, मला दोन ओळी लिहायच्या आहेत गं."

"उद्या लिहा. एक दिवस नाही लिहिलं म्हणून कोणी तुम्हाला बिनकामाचा म्हणणार नाही."

लक्ष्मीकांतराव देवघराच्या दारात उभे राहिले. पाटावर टाक होता, त्यावर हळदीकुंकू आणि झेंडूचं फूल. एक पिवळी पाकळी गळून शेजारच्या पुस्तकावर पडली होती.

ते बराच वेळ त्या पाकळीकडे पाहत राहिले.

"जुनी पंचांगं ठेवली आहेस ना?" त्यांनी विचारलं.

"माळ्यावर पेटीत आहेत. का हो?"

त्यांनी पेटी उतरवली. सत्तर सालचं पंचांग उघडलं, मग एकाहत्तरचं, मग बहात्तरचं. तिन्ही पुस्तकं समोर मांडली आणि तीन जागी बोट ठेवून पाहिलं. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं.

"प्रेमला, मी धोंडमाळला जाऊन येतो. जेवायला थांबू नकोस."

"सणाच्या दिवशी? कोणाला पकडायला चाललात?"

"पकडायला नाही," ते छत्री घेत म्हणाले. "एका मेलेल्या माणसाची सही आणायला."

६

निवृत्तीचं घर रुखमाबाईच्या घराला लागूनच, देवघर दोघांचं एक. निवृत्ती नुकताच पट्टीवरून भाकरीसाठी आला होता. तिशीचा, शिडशिडीत. लक्ष्मीकांतरावांना पाहून त्यानं हातातला तांब्या खाली ठेवला.

"निवृत्ती, मी तुला एक हिशेब समजावून सांगतो. चुकलो तर थांबव मला. गठ्ठ्यात जी कोरी वही निघाली, तिला रॉकेलचा वास होता. दप्तरात विजेचा दिवा आहे. कोऱ्या वह्या दोनच ठिकाणी असतात, आणि कंदिलाशेजारी असते ती तुझ्या चौकीतली."

निवृत्तीनं भाकरीचं ताट बाजूला सारलं.

"तू वही नेलीस. जाळली मात्र नाहीस. ती या घरात आहे आणि आज ती देवापुढे आहे."

"साहेब..." निवृत्ती खालीच बसला. "नेली म्या. वयनीले काही ठाऊक नाई, आज पूजेत ठेवाले काढली तवा तिले सांगतलं का वही सापडली, कचेरीनं परत देल्ली. मले वाटलं, वही नसली तं 'मिळाली नाई' एवढंच लिवतीन. ते कोरं पान दिल्लीत चार माणसायनं पाहून भावाले झोपाळू म्हणावं, ते नाई पाहवत मले. चुलीपाशी नेली होती. पण भावाचं अक्षर हाय. जाळवली नाई."

"अरे, तू नेमका त्याचा साक्षीदारच लपवून ठेवलास." लक्ष्मीकांतरावांचा आवाज मऊ होता. "आता नीट ऐक. त्याच्या वह्यांत वर्षाला एकच पान कोरं. सत्तरात ९ ऑक्टोबर, एकाहत्तरात २८ सप्टेंबर, बहात्तरात १६ ऑक्टोबर. कचेरी तारखेनं चालते, म्हणून तिथं कोणाला काही दिसलं नाही, आणि तुम्हाला कोणी विचारलंच नाही. मी आज पंचांग पाहिलं. तिन्ही दिवस खंडेनवमी होती."

दारात रुखमाबाई येऊन उभी राहिली होती. लक्ष्मीकांतराव तिच्याकडे वळले नाहीत.

"सुताराची करवत, शेतकऱ्याचा वखर, तशी चौकीदाराची वही. पूजेत ठेवलेल्या वहीत लिहायचं नाही, म्हणून पान कोरं. शिट्टी पूजेत, म्हणून गळ्यात नाही. झेंडा पूजेत, म्हणून चौकीत नाही. जुन्या वहीत अजून झेंडूची पाकळी होती. पण माणूस? माणूस कामावरच होता. एकाहत्तरच्या नवमीला त्यानं पट्टीवरची कुत्री पाहून पटका सोडला आणि हलवला. वैमानिकानं तसं लिहून दिलंय, ही चिठ्ठी. बहात्तरच्या नवमीलाही त्यानं तेच केलं. वैमानिकानं कापड पाहिलं आणि पंजाबरावांनी त्याच्या मुठीतलं टोक सोडवलं. उद्या ते सही देतील, मी येताना त्यांना भेटूनच आलो. इंजिनिअरनं तीन पुरावे मांडले तो झोपला होता म्हणून. तिन्हींचं उत्तर एकच आहे."

मग रुखमाबाई आत आली आणि भिंतीला टेकून बसली.

"शिट्टी म्या काढून घेतली होती," ती म्हणाली. "निघाले होते गळ्यात घालून. म्या म्हटलं, आज नवमी, देवापुढं ठेवा. ते म्हणे, अवो, शिट्टी तं राहू दे, जनावरं लय येऊन राह्यली. म्या आयकलं नाई. म्या माह्या हातानं गळ्यातून काढली. वाजवली असती तं जनावरं लवकर हटली असती. हटली असती ना, साहेब?"

बाई वर्षभर का बोलली नाही, ते आता लक्ष्मीकांतरावांना कळलं.

"ते मला सांगता येणार नाही, बाई," ते शेवटी म्हणाले. "कोणालाच येणार नाही. एवढं मात्र सांगतो. शिट्टी नव्हती, तरी तो चौकीत बसून राहिला नाही."

रुखमाबाईनं पदरानं डोळे टिपले. तिची नजर देवघरात गेली. पाटावर लाल कापडाच्या दोन वह्या होत्या, गेल्या सालची आणि चालू सालची. शेजारी झेंडा, शिट्टी आणि विळा. सगळ्यांवर हळदीकुंकू. मग तिनं निवृत्तीच्या मोकळ्या गळ्याकडे पाहिलं.

ती उठली. देवापुढे हात जोडले आणि पाटावरची शिट्टी उचलली.

"वयनी, आज नवमी..."

"तं काय झालं? देवाले शिट्टीचं काय काम? विळा राहू दे त्याच्यापाशी." तिनं दोरी दिराच्या गळ्यात घातली. झेंडाही काढून दिला आणि चालू सालची वही त्याच्या हातात ठेवली. "जाय. पट्टीवर कोणी नाई सध्या."

निवृत्ती गेला. थोड्या वेळानं माळाकडून शिट्टी ऐकू आली. एकदा, मग पुन्हा एकदा. रुखमाबाई दारात उभी राहून ऐकत होती.

गेल्या सालची वही मात्र पाटावरच होती. लक्ष्मीकांतरावांना ती तेव्हाच नेता आली असती. त्यांनी हात लावला नाही.

७

दसऱ्याला सकाळी उत्तरपूजा झाली, तेव्हा ते अंगणात बाजेवर बसले होते. रुखमाबाईनं वही दोन्ही हातांनी आणून दिली. त्यांनी १६ ऑक्टोबरचं पान उघडलं. कोरं होतं. आदल्या दिवशीच्या पानावर टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, 'हजर. गवत चांगले आहे. पंजाबरावांची जनावरे तारेजवळ. हाकलली.'

"इथं आता कोणी त्यायचं नाव लिवलं तं?" रुखमाबाईनं विचारलं.

"नको. त्याला तसंच राहू द्या. त्यानं सोडलं होतं, तसंच दिल्लीला जाऊ दे."

प्रेमलाबाईंनी उत्तरपूजा करून दिलेला टाक त्यांनी खिशातून काढला आणि वेगळ्या कागदावर शेरा लिहिला. तीन तारखा, तीन तिथी, दोन वैमानिकांचे जबाब, पंजाबरावांची सही. वही कोणी आणि का नेली, तेही एका ओळीत लिहिलं, कारण खऱ्या कागदात खोटी फट ठेवायची नसते. निवृत्तीनं त्याखाली सही केली. 'दप्तराने समज द्यावी, अधिक काही नको', अशी शिफारस त्यांनी त्यापुढे जोडली. शेवटी लिहिलं, 'पान कोरे आहे, याचा अर्थ चौकीदार गैरहजर होता असा नाही. तो कामावर असताना मेला. चौकशी अहवालातील झोपेचा उल्लेख काढून टाकावा.'

ते रुखमाबाईला वाचून दाखवलं. तिनं शेवटचं वाक्य पुन्हा वाचायला सांगितलं. मग आणखी एकदा.

"यादीत नाव येईल की नाही, ते मी सांगू शकत नाही," लक्ष्मीकांतराव म्हणाले. "मसुदा अजून कायदा झालेला नाही. पण झोपेचं मी माझ्या शेऱ्यात खोडलं. ते आता खोडलेलंच राहील."

जाताना ते वाट वाकडी करून चौकीवर गेले. निवृत्ती पट्टीच्या दुसऱ्या टोकाला जनावरांमागे होता, हातात झेंडा. कंदिलाशेजारी चालू सालची वही उघडी पडली होती. लक्ष्मीकांतरावांनी वाकून आदल्या दिवसाचं, नवमीचं पान पाहिलं.

कोपऱ्याला कुंकवाचा डाग लागला होता. त्याखाली वेड्यावाकड्या अक्षरात दोनच शब्दांची नोंद आणि सही होती.

'हजर. शिट्टीसह.'